ही पट्टी कोणाची?

(इंझोरी येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

राम राम मंडळी!

दिवसभर कापूस वेचून तुमची बोटं सोलली आहेत. तरी पाटी आणि पेन्सिल घेऊन तुम्ही इथे बसलात. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. एका पट्टीची गोष्ट सांगतो. जखमेवर बांधतात ती पट्टी.

पण त्याआधी एक शब्द पाहू. फळ्यावर तुम्ही वाचला आहे : आभार. हा शब्द सभेत फार ऐकू येतो. सभा संपली की एक जण उठतो आणि आभार मानतो. अध्यक्षांचे मानतो. पाहुण्यांचे मानतो. ज्यांनी पैसे दिले त्यांचे तर दोनदा मानतो. सतरंजी ज्याने अंथरली तो तेव्हा कोपऱ्यात उभा असतो. लोक उठले की ती त्यालाच झटकून गुंडाळायची असते. त्याचं नाव कोणी घेत नाही. मुद्दाम टाळतात असं नव्हे. बोलणाऱ्याला त्याचं नाव ठाऊकच नसतं.

माझं आजचं बोलणं त्या सतरंजीवाल्याविषयी आहे.

मी तुम्हांला 'मंडळी' म्हणून हाक मारली. मंडळी म्हणजे जमलेले लोक. आपल्या मराठी ख्रिस्ती भावंडांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एका गावचे जे ख्रिस्ती लोक एकत्र प्रार्थना करतात, त्या सगळ्यांना मिळून 'मंडळी' म्हणतात. प्रार्थनेची इमारत विटामातीची असते. मंडळी माणसांची असते. इमारत पडली तरी मंडळी उरते. मला हा शब्द फार आवडतो.

मंडळीत एक पाळक असतो. पाळक म्हणजे त्यांचा धर्मोपदेशक. पण तो एकटा काय काय करील? बाकीचं सारं हातोहात होतं. रविवारी सकाळी कोणी झाडून घेतो. कोणी घंटा वाजवतो. कोणी पेटीवर बसतो. एखादी शिकलेली मुलगी लहान पोरांना गोळा करून गोष्टी सांगते. कोणाच्या घरी मयत झालं, तर खड्डा खणायला चार जण कुदळ घेऊन निघतात. आजाऱ्याच्या घरी भाकरी पोचवणारी एखादी मावशी असतेच. यांना कोणी पगार देत नाही. यांना स्वयंसेवक म्हणतात. स्वयं म्हणजे आपण होऊन. आपण होऊन सेवा करणारा, तो स्वयंसेवक.

ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ बायबल. त्यात पौल नावाच्या एका प्रेषिताने एक दाखला दिला आहे. तो म्हणतो, मंडळी ही एका शरीरासारखी आहे. पाय म्हणेल, मी हात नाही, तर माझं काय काम? असं म्हणून चालेल का? डोळा हाताला म्हणू शकत नाही की तू मला नको. देवाने प्रत्येकाला काही ना काही देणगी दिली आहे. एकाला बोलण्याची, एकाला शिकवण्याची, एकाला आजाऱ्याजवळ बसण्याची. ती देणगी एकट्याची नाही, सगळ्यांची आहे.

तुम्ही म्हणाल, हे आम्हांला नवं नाही. खरंच नाही. आपल्या जवळच पोहरादेवीची यात्रा भरते. तिथे पाणी वाटणारे, पंगतीला वाढणारे आपण होऊनच येतात. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी तर झाडूच हाती घेतला होता. लोकांच्या देणगीतून त्यांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः झाडाखाली राहिले. तेव्हा ही रीत एका धर्माची नाही. आज मात्र मी ख्रिस्ती मंडळीची गोष्ट निवडली आहे. कारण तिची एक खूण आपल्या वाशीमलाच आहे.

वाशीम आता आपला जिल्हा आहे. १९९८ पर्यंत आपण अकोला जिल्ह्यात होतो. इंग्रजांच्या जुन्या कागदांत वाशीमचं नाव 'बासीम' असं लिहिलेलं सापडतं. तिथे १९३८ साली एक दवाखाना सुरू झाला. त्याचं नाव रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. लोक म्हणत, मिशनचा दवाखाना. तो काढला चर्च ऑफ द नाझरीन या मंडळीने. येशूचं गाव नासरेथ. त्यावरून या मंडळीने आपलं नाव घेतलं. ही मंडळी मूळची अमेरिकेतली.

दवाखाना उभा करणाऱ्या डॉक्टर एक बाई होत्या. ऑर्फा स्पायकर त्यांचं नाव. १९३६ साली त्या अमेरिकेतून इकडे आल्या. जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी कामाला सुरुवात केली. त्या काळी आपल्या भागात धड रस्ते नव्हते. बाळंतीण अडली की बैलगाडी जुंपायची. गाडी रात्रभर चालायची. वाटेत काय होईल ते देवालाच ठाऊक. अशा दिवसांत एक बाई हातात शस्त्र घेऊन माणसाचं पोट उघडते आणि शिवते, हे आपल्या आज्यापणज्यांनी पाहिलं. उमेदीची सारी वर्षं डॉक्टरबाईंनी वाशीमलाच घालवली.

दवाखान्याला नाव मिळालं रेनॉल्ड्स यांचं. ते त्या मंडळीचे मोठे अधिकारी होते. त्यांचा मान ठेवला ते बरोबरच झालं. पण पाटीवर एकच नाव मावतं. पाटीमागे किती हात होते ते पाहा.

आता ती पट्टी आली.

दवाखान्यात रोज पट्ट्या लागतात. आज त्या कारखान्यात होतात आणि दुकानात मिळतात. तेव्हा विकत घ्यायच्या म्हणजे मोठा खर्च. मग नाझरीन मंडळीच्या बायकांनी एक काम अंगावर घेतलं. अमेरिकेत गावोगाव त्या जमत. प्रत्येकीने घरून जुनी चादर आणायची. चादर फाटलेली चाले, मळलेली चालत नसे. ती धुवायची, वाळवायची, तिच्या लांब चिंध्या फाडायच्या. दोरे निघाले असतील ते ओढून टाकायचे. मग चिंधीची घट्ट गुंडाळी करायची. अशा गुंडाळ्या खोक्यांत भरून बोटीने दूरदेशीच्या दवाखान्यांना पाठवायच्या. एका खेपेला एवढंच काम. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच.

यात अवघड काय आहे? काहीच नाही. आपल्या आज्या गोधडी शिवतात, त्याहून हे सोपं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जिने चादर फाडली, तिला ठाऊक नव्हतं की ही पट्टी कोणाच्या पायाला बांधली जाणार. ज्याच्या पायाला ती बांधली, त्याला ठाऊक नव्हतं की ही चादर कोणाच्या घरची. दोघांच्या मध्ये समुद्र होता. तिने त्याला पाहिलं नाही. त्याने तिला पाहिलं नाही. तरी त्याची जखम भरली.

त्या बायकांची आणखी एक रीत आहे. १९४९ साली ती सुरू झाली. घरात फळीवर एक लहानशी डबी ठेवायची. काही चांगलं झालं, की तिच्यात एक नाणं टाकायचं. पोराचा ताप उतरला, टाक एक नाणं. पाऊस वेळेवर आला, टाक एक नाणं. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, सगळ्यांच्या डब्या मंडळीत उघडायच्या. तो पैसा जमीन घ्यायला आणि इमारत बांधायलाच वापरायचा, असा नियम. या देणगीला ते 'अलाबास्त्र' म्हणतात. अलाबास्त्र हा एक गुळगुळीत दगड. येशूच्या काळी एका बाईने त्या दगडाच्या कुपीतलं महागडं अत्तर येशूवर ओतलं होतं. जवळचे लोक रागावले, केवढं हे नुकसान, म्हणाले. येशूने मात्र त्या बाईची बाजू घेतली. त्या गोष्टीवरून हे नाव पडलं.

आता दोन बायकांची हकीकत सांगतो. एक डॉक्टर, एव्हलिन विटहॉफ. दुसरी परिचारिका, म्हणजे नर्स, जेराल्डिन चॅपल. दोघी १९४१ साली हिंदुस्थानात यायला निघाल्या. वाटेत त्यांची बोट फिलिपाइन्स बेटांत मनिला बंदराला लागली. तेवढ्यात जपान आणि अमेरिका यांचं युद्ध पेटलं. १९४२ च्या जानेवारीत मनिला जपानी फौजेच्या हाती गेलं. या दोघी पकडल्या गेल्या. सान्तो तोमास नावाच्या विद्यापीठाच्या आवारात हजारो परदेशी माणसं कोंडून ठेवली होती. त्यांत यांनाही ठेवलं. तीन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. शेवटी शेवटी तर खायला जवळजवळ काही मिळत नव्हतं. माणसं वाळून काटकी झाली. १९४५ च्या फेब्रुवारीत सुटका झाली.

तुम्ही आम्ही काय केलं असतं? घरी जाऊन म्हटलं असतं, पुरे झाली ती सेवा. त्या घरी गेल्या, पण राहायला नव्हे. अंगात ताकद आल्यावर त्या पुन्हा निघाल्या आणि हिंदुस्थानात आल्या. विटहॉफबाई वाशीमच्या दवाखान्यात काम करू लागल्या. त्यांच्या हातून नाडी पाहून घेणाऱ्या किती जणांना मनिलाची हकीकत ठाऊक होती कोण जाणे! दवाखान्यात औषध घेताना डॉक्टरला कोण विचारतो, की बाई, तुम्ही कोणत्या वाटेने आलात?

परदेशच्या माणसांचंच कौतुक करून थांबलो तर ते खोटं होईल. डॉक्टर एक असतो. रात्री उठून दहा रोग्यांची कूस बदलणाऱ्या परिचारिका अनेक लागतात. त्या काळी आपल्या देशात हे काम हलकं मानत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मळमूत्र काढायचं. चांगल्या घरची मुलगी असं करते का, म्हणत. तेव्हा देशभर या कामाला पुढे आल्या त्या बहुतेक ख्रिस्ती घरच्या मुली. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. त्यांनी पदर खोचला. आज सरकारी दवाखान्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुली हे काम मानाने करतात. ती वाट पहिल्यांदा कोणी तुडवली, हे विसरायला नको.

आता खेड्यातल्या मंडळीकडे चला. तिथे रोकड पैसा कुठून येणार? पण सुगी असते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण करतात. देवाने पीक दिलं, त्याचे उपकार मानायचे. त्या दिवशी प्रार्थनेला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. कोणी पायलीभर ज्वारी आणतो. कोणी भोपळा आणतो, कोणी कोंबडी. ज्याच्याकडे काहीच नसतं तो एक अंडं आणतो. सगळं पुढे मांडून ठेवतात. प्रार्थना होते. मग बाहेर झाडाखाली लिलाव होतो. आपण त्याला हर्रास म्हणतो तोच.

हा लिलाव पाहण्यासारखा असतो. बाजारात माणूस भाव पाडतो. इथे चढवतो. भोपळा हातात धरून एक जण ओरडतो. कोणी बाजारभावाच्या दुप्पट बोलतो, कोणी तिप्पट. हसण्याखिदळण्यात भोपळा एकाला जातो. तो पैसे मोजतो, आणि भोपळा घरी न नेता परत देतो. पुन्हा बोली! एकाच भोपळ्याचे असे तीनदा पैसे होतात. मग तो चौथ्या वेळी एखाद्या घरी जातो आणि त्याची भाजी होते. ते एक अंडंसुद्धा असंच फिरतं. ज्या म्हातारीने ते आणलं, ती कडेला बसून पाहत असते. तिच्या अंड्याचे कोंबडीएवढे पैसे झालेले तिला दिसतात.

येशूने एका गरीब विधवेचं असंच कौतुक केलं होतं. देवळाच्या पेटीत श्रीमंत लोक मोठमोठ्या रकमा टाकत होते. तिने दोन अगदी लहान नाणी टाकली. येशू म्हणाला, हिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं. इतरांनी उरलं त्यातलं दिलं. हिने होतं तेवढं सारं दिलं.

आपल्या देशाच्या पूर्व टोकाला मिझोराम राज्य आहे. डोंगराळ मुलूख. तिथल्या ख्रिस्ती बायकांनी १९१० च्या सुमारास एक रीत घातली. स्वैपाकाला बसायचं, तांदूळ मोजून घ्यायचे, आणि त्यातली एक मूठ बाजूला काढायची. रोज, प्रत्येक जेवणाच्या वेळी. मंडळीच्या बायका घरोघर फिरून ते तांदूळ गोळा करतात आणि विकतात. गरिबाघरची मूठही तेवढीच, श्रीमंताघरचीही तेवढीच. ही रीत आजही चालू आहे. आता त्या मुठींचे वर्षाला कोट्यवधी रुपये होतात. त्यातून मंडळीची कामं चालतात. विनोबांचं सर्वोदय-पात्र तुम्हांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. घरातल्या लहान मुलाने रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं. तेही याच जातीचं.

एक गोष्ट मी झाकून ठेवणार नाही. घेताना माणसाला कमीपणा वाटतो. १८९६-९७ साली आणि पुन्हा १८९९-१९०० साली मोठे दुष्काळ पडले. मिशनऱ्यांनी भुकेल्यांना जेवू घातलं, पोरक्या मुलांना सांभाळलं. त्यांतले काही लोक ख्रिस्ती झाले. मग इतर लोक त्यांना टोमणे मारू लागले, की भाकरीसाठी धर्म सोडला. हा टोमणा पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला. काही देणारेही असे होते की ते उपकार मोजून दाखवत. सेवेच्या आडून धर्म बदलायला लावू नये, असं गांधीजींनी स्पष्ट सांगितलं होतं. मला ते पटतं. ज्या पट्टीला किंमत लावली ती देणगी राहत नाही, तो सौदा होतो.

पण हा कमीपणा जातो कसा? रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मोठे कवी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये काम करू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. संन्याशासारखं राहू लागले. इथल्या मंडळीने इथल्याच माणसांच्या बळावर उभं राहावं, अशी त्यांची इच्छा होती. 'देवाचा दरबार' नावाने त्यांनी नवं काम मांडलं. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. काम अपुरं राहिलं. पण त्यांनी दुखणं ओळखलं होतं. नुसता घेणारा वाकतो. घेणारा देऊ लागला की त्याची मान वर होते. अंडं घेऊन आलेली ती म्हातारी कोणाची मिंधी नसते.

आता शेवटचं सांगतो. हे खास तुमच्या वर्गासाठी.

पौलाचं नाव मी मघाशी घेतलं. बायबलातली बरीच पुस्तकं म्हणजे त्याची पत्रं आहेत. एकदा तो कैदेत होता. फिलिप्पै गावच्या मंडळीने त्याच्यासाठी काही मदत पाठवली. ती घेऊन एक जण आला. एपफ्रदीत त्याचं नाव. तो इकडे येऊन इतका आजारी पडला की मरता मरता वाचला. पौलाने मंडळीला आभाराचं पत्र लिहिलं. त्यात मदतीचे आभार आहेतच. पण ती घेऊन येणाऱ्याचं नाव आहे, त्याचं आजारपण आहे, आणि त्याला मानाने वागवा असंही आहे.

दुसरं पत्र त्याने रोमच्या मंडळीला लिहिलं. ते लांबलचक आहे. मोठमोठे विचार आहेत त्यात. पण शेवटी काय आहे ठाऊक आहे? नुसती नावं! पंचवीसहून अधिक माणसांची नावं घेऊन त्याने सलाम सांगितला आहे. त्यात बायका पुष्कळ. फिबीचं नाव आहे, तिने अनेकांना मदत केली होती. प्रिस्का आणि तिचा नवरा अक्विला यांनी त्याच्यासाठी जीव धोक्यात घातला होता. मरिया आहे, ती मंडळीसाठी फार खपली होती. दोन हजार वर्षं होत आली. त्या काळच्या कितीतरी सरदारांची नावं पुसली गेली. मरियेचं नाव राहिलं, कारण कोणीतरी ते लिहिलं.

आणि एक गंमत. पौल तोंडाने सांगत होता. लिहून घेणारा दुसराच होता, तर्तियस नावाचा. त्यानेही मध्येच एक ओळ घालून दिली, की हे पत्र लिहिणारा मी तर्तियस, माझाही तुम्हांला सलाम. सतरंजीवाल्याने आपलं नाव आपणच लिहून टाकलं म्हणा ना!

तर आता पाट्या पुढे घ्या. आज धडा वाचायचा नाही. प्रत्येकाने एक नाव लिहायचं. तुमच्यासाठी ज्याने आपण होऊन काही केलं आणि पैसा घेतला नाही, त्याचं नाव. बाळंतपणाला धावून आलेली दाई असेल. तापात पाणी पाजणारी शेजारीण असेल. बैल विहिरीत पडला तेव्हा दोर लावून खाली उतरलेला गडी असेल. नावाखाली एक ओळ, त्याने काय केलं ती. काना-मात्रा चुकली तर चुकू द्या, गुरुजी सुधारून देतील.

नाव ठाऊक नसेल तर आज घरी जाताना विचारा. उद्या वर्ग रोजच्याच वेळेला आहे.